अंबाडी आणि मालेगावचा नंबर

४ फेब्रुवारी २०२५, मंगळवार

नाही म्हणजे नाहीच! नाशिकरोडचा बाजार, जेलरोडच्या गाड्या, शेवटी देवळाली कॅम्प — सगळीकडे विचारून आलो. अंबाडी कुठेच नाही. कॅम्पातल्या भाजीवालीने तर मला वेड्यातच काढलं. "काका, पावसाळ्यात या. आता मेथी न्या, बघा कशी कोवळी आहे." मेथी कोवळीच होती. पण सूनबाईला पाचवा महिना लागलाय आणि तिला पाहिजे अंबाडी. आंबटढाण, हरभऱ्याची डाळ घातलेली, वरून लसणाची फोडणी. तिच्या अम्मीच्या हातची.

रुखसार कधी काही मागत नाही. आमच्या सनीशी लग्न होऊन दोन वर्षं झाली, साधी साडी मागितली नाही पोरीने. पहिल्यांदा काही मागितलं तर ते अख्ख्या नाशकात नाही!

घरी येऊन हात धूत होतो. स्वयंपाकघरात सासू-सून बोलत होत्या. रुखसार सुलाला म्हणाली, "मम्मी, भाजीचं काय नाही हो. नाही मिळाली तर नाही. बाळ व्हायच्या आत अब्बूने एकदा नुसतं 'कशी आहेस' विचारलं ना, तरी मला पुरे." पोळी उलटल्याचा आवाज आला फक्त. मी नळ तसाच चालू ठेवला.

कानांचा हा त्रास आहे. गाडीचा सेल्फ नुसता ऐकून काय बिघडलंय ते सांगतो, त्यावर आणि बॅटऱ्यांच्या दुकानावरच आयुष्यभर पोट भरलं. पण दुकानाचं शटर पाडलं तरी कानांना शटर नाही.

आमचे व्याही सलाउद्दीन. मालेगावात आठ माग आहेत स्वतःचे. लग्न रजिस्टर झालं त्या दिवसापासून लेकीशी शब्द नाही. भांडण नाही, शिवी नाही — फक्त बोलायचं नाही. तिचा फोन आला की उठून मागावर जातात म्हणे. मी आणि सुला पेढे घेऊन गेलो होतो तेव्हा चहा दिला, खारी दिली, आणि इन्व्हर्टरला कुठली बॅटरी चांगली ते विचारलं. मी अर्धा तास बॅटरीवर बोललो! मुलीचं नाव त्यांनी काढलं नाही. मला काढता आलं नाही. मागच्या खोलीत विहीणबाई रडत होत्या आणि हा माणूस मला विचारतोय, पाणी किती महिन्यांनी घालायचं.

जेवताना जाहीर केलं — अंबाडी मी लावतो. गच्चीवर!

सुला : "तुम्ही? कढीपत्ता तरी जगला का तुमच्या हातून?"

९ फेब्रुवारी, रविवार

बी आलं! अमिनाबाईंनी, म्हणजे आमच्या विहीणबाईंनी, मालेगावच्या एसटीतल्या कंडक्टरकडे पुडी दिली आणि मी स्टँडवर जाऊन घेतली. कंडक्टर म्हणाला, "काका, एवढंसं? मला वाटलं सोनंनाणं आहे. बाई चार वेळा बजावून गेल्या."

कुंड्या विकत कशाला? दुकानात ट्रकच्या बॅटऱ्यांचे रिकामे डबे पडलेत, भंगारवाल्याची वाट बघत. वरचं झाकण कापलं, तीनदा धुतले. काय ऐटबाज कुंड्या झाल्या! काळ्याभोर, चौकोनी, एका ओळीत. माती शेजारच्या खंडेरावांच्या बागेतली. पाणी मात्र नळाचं नाही, बॅटरीचं डिस्टिल्ड. नळाच्या पाण्याने बॅटरी खराब होते, मग रोप कसं होणार नाही?

नांदगावला लोकांच्या गाड्या पुसत होतो, तिथून स्वतःच्या दुकानापर्यंत आलो. चार रोपं काय मोठीशी!

१२ फेब्रुवारी

काही नाही.

१६ फेब्रुवारी

काही नाही. रात्री गारठा अजून आहे. सुला म्हणते, "रोज उकरून बघता, ती बी तरी काय करेल? माणसाला आंघोळीला एकांत लागतो, हिला उगवायला लागतो."

२० फेब्रुवारी

आलं!! वाकलेल्या मानेने एक, मग तिसऱ्या डब्यात आणखी दोन. चहा गच्चीवरच घेतला. रुखसार जिना चढून आली, धापा टाकत. खाली वाकून बघितलं आणि म्हणाली, "पप्पा, हे तर सलाम करतायत तुम्हाला." दिवसभर गिऱ्हाइकांशी गोड बोललो. एका रिक्षावाल्याने विचारलंसुद्धा, "शेठ, नातू झाला का?"

२४ फेब्रुवारी, सोमवार

सलाम नाही, ती मानच टाकतायत. पानं पिवळी. कडा करपल्यासारख्या. बारा होती, सात राहिली.

रुखसार म्हणाली, "अम्मीला विचारा ना. परसात तीच लावते." नंबर दिला. मी फोटो पाठवला आणि लिहिलं — विहीणबाई, नमस्कार, रोपे पिवळी पडत आहेत, उपाय सांगावा. तासाभराने उत्तर. इंग्रजी अक्षरांत हिंदी, एका ओळीत : "पानी कम." बाई मोजकं बोलतात. मला वाटलं होतं चौकशी करतील, लेक कशी आहे वगैरे. असो, घाईत असतील.

पाणी कमी केलं.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

आज जे झालं ते नीट लिहून ठेवतो.

दुपारी दुकानात होतो. मेसेज आला : "पूरा फोटो भेजो. डिब्बा दिखाओ." मी सकाळीच काढलेला फोटो होता, पाठवला. "ये डिब्बा काहे का है?" मी मोठ्या ऐटीत लिहिलं — जुन्या बॅटरीचा. तीनदा धुतला आहे. खर्च शून्य!

अर्ध्या मिनिटात फोन वाजला. त्याच नंबरवरून. मी "हॅलो, हां विहीणबाई" म्हणालो. पलीकडे कुणी बोलेना. नुसते माग चालू होते — खटखट, खटखट, त्यात एकाचा ताल जरा लंगडा. आणि मग खाकरणं. दोनदा छोटं, तिसऱ्यांदा लांब. फोन बंद.

तेच खाकरणं मी मालेगावात अर्धा तास ऐकलंय! प्रत्येक बॅटरीच्या प्रश्नाआधी!

पाठोपाठ मेसेज : "फेंको. मिट्टी समेत. उसमें तेज़ाब और सीसा होता है. उसका एक पत्ता भी रुखसार को मत देना. हाथ धोओ."

अंगावर काटा आला. एक तर माझ्या अकलेचा. तीस वर्षं मी पोरांना सांगतोय, बॅटरीला हात लावून भाकरीला हात लावू नका! आणि गरोदर सुनेला त्यातलीच भाजी करून घालणार होतो. पण दुसरं म्हणजे ते नाव. विहीणबाई लेकीला रुखसार कधी म्हणत नाहीत. 'मुन्नी' म्हणतात.

म्हणजे कालपासून विहीणबाईंच्या फोनवरून मला उत्तरं देतोय तो माणूस कोण?

घरी येऊन सुलाला गच्चीवर नेलं, सगळं सांगितलं. म्हटलं, आत्ता जाऊन रुखसारला सांगतो. सुलाने बाहीला धरून थांबवलं. "खबरदार! तिला सांगाल, ती फोन करेल, ते लाजतील आणि गप्प बसतील. मग तेही गेलं. तुम्हाला कळलंय हे त्यांना कळू देऊ नका."

"मग मी करू काय?"

"विहीणबाईंनाच विचारत राहा. रोपं आहेत ना."

बाई शिकली सातवी. पण वकील व्हायला हवी होती.

२६ फेब्रुवारी

डबे गेले भंगारवाल्याकडे. मातीही पोत्यात बांधून त्याच्याच हवाली केली. गच्ची धुऊन काढली. कुंभारवाड्यातून मातीच्या नऊ कुंड्या आणल्या, भोकं बघून.

बी? सुलाने अर्धी पुडी लपवून ठेवली होती! "सगळं एकदम पेरतात का? तुमच्यावर भरवसा ठेवून?"

नळाचंच पाणी घातलं.

३ मार्च

पाच दिवसांत वर! गारठा गेला, त्याचा गुण. कालपासून रमजान लागला. रुखसारने पहिला रोजा धरायचा हट्ट केला, सुलाने डॉक्टरणीलाच फोन लावून दिला. डॉक्टरीण काय बोलली ते मला खालच्या खोलीत ऐकू आलं. रोजा सुटला.

मालेगावला फोटो. उत्तर : "ठीक."

७ मार्च, शुक्रवार

पुन्हा गोंधळ. रोपं नुसतीच उंच, दोऱ्यासारखी. ऊन लागू नये म्हणून पत्र्याखाली ठेवली होती ना. दोन तर आडवीच झाली, देठ बुडाशी काळं. मला रडू यायचं बाकी होतं. मोटारीचं काही बिघडलं तर ती आवाज तरी करते, हे मुकाट्याने मरतंय!

रोजा सुटण्याची वेळ होऊन गेल्यावर लिहिलं. आज उत्तर लांब आलं. सकाळचं ऊन पूर्ण द्या, दुपारी ओढणीची सावली करा. काळी पडलेली उपटा, दूर फेका, त्याच हाताने बाकीच्यांना शिवू नका. माती देठाच्या गळ्यापर्यंत ओढा. बोट खुपसून बघा, कोरडं लागलं तरच पाणी. वर राख भुरभुरा. आणि शेवटी : "डरो मत. बच्चे हैं. संभल जाएँगे."

दोनदा वाचलं. मग सुलाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बघा. ज्या माणसाला एवढं कळतं..."

८ मार्च

राख कुठून आणायची? गॅस आल्यापासून राख बघितली नाही. सुला कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडून डबाभर घेऊन आली, कोळशाची. चाळून घेतली. गच्चीवर रुखसारची हिरवी ओढणी बांधली दोरीला. खंडेराव शेजारच्या गच्चीवरून : "काय जयरामभाऊ, मांडव? कुणाचं लग्न?"

१४ मार्च

सात जगली! देठ जाड, रंग लालसर. नवीन पान फुटलंय प्रत्येकाला. मी स्वतःच्या हाताने जगवलंय काहीतरी! कढीपत्त्याचा डाग धुतला गेला.

२१ मार्च

आता रोज एक मेसेज होतो. मी विचारतो, ते — म्हणजे 'विहीणबाई' — सांगतात. सगळं रोपांचंच. पण आज रोपांच्या मधोमध एक ओळ घुसली : "गोबर का खाद पुराना हो. ताज़ा नहीं. लड़की रोज़ चलती है कि बैठी रहती है? कुंडी हफ्ते में एक बार घुमाओ."

वाचून दुकानातच हसलो. माणूस बघा! लेकीची चौकशी शेणखत आणि कुंडीच्या मध्ये दाबून पाठवली. मीही तसंच उत्तर दिलं — खत वर्षभर जुनं आहे. सूनबाई संध्याकाळी बिटको चौकापर्यंत चालते, वजन चांगलं वाढतंय, दोन्ही पाय थोडे सुजतात. कुंड्या फिरवल्या.

उत्तर : "पैर उशी पर रखे." कुंडीचं काहीच नाही!

३१ मार्च, सोमवार. ईद

सुलाने शेवया केल्या, रुखसारने शिरखुर्मा. सनीने सुट्टी घेतली. दुपारी विहीणबाईंचा व्हिडिओ फोन. सगळे हसतायत, ईद मुबारक चाललंय. मागे खुर्चीत पांढरा कुर्ता दिसत होता. रुखसारने "अब्बू..." एवढंच म्हटलं. कुर्ता उठला. खुर्ची रिकामी. पोरीने हसू तसंच ठेवलं, फोन संपेपर्यंत. मग जाऊन भांडी घासायला बसली. घासलेलीच भांडी!

संध्याकाळी मेसेज : "पत्ता कटा हुआ आया क्या? पाँच उंगली जैसा?"

इतका राग आला! मोठा मेसेज लिहिला. पत्ता गेला खड्ड्यात, तुझी लेक रडतेय, असलं सगळं. सुलाने मागून वाचलं आणि फोन हातातून काढून घेतला. मेसेज पुसला. मग तिने माझ्या नावाने एकच शब्द पाठवला : "आया."

४ एप्रिल, शुक्रवार

आजची गंमत लिहायलाच पाहिजे.

पानं खरंच पाच बोटांची झालीत, कातरलेल्या कडांची. सकाळी पाण्याची टाकी बघायला वर होतो. पलीकडे खंडेराव मोबाइलवर, हळू आवाजात. त्यांचा हळू म्हणजे आमच्याकडे रेडिओ. "अहो खरंच सांगतो, गांजाच! मी स्वतः बघितला. वर ओढणी बांधलीय, लपवायला. आणि वरून राख टाकतो हो, काय विधी आहे कोण जाणे!"

दुपारी चौकीतला बीटचा हवालदार दारात. तरुण पोरगा, लाजतच आला. "काका, तक्रार आहे... म्हणजे नुसतं बघायचंय." वर नेलं. तो कुंड्यांभोवती फिरला, मोबाइलवर चित्रं जुळवून बघितली. चेहरा पडला. जुळतच होती ना!

मी कायद्याचं बोलू की मालेगावचं, या विचारात. तेवढ्यात सुला वर आली, एक पान खुडलं, त्याच्या हातात ठेवलं. "खा."

"आजी, मी ड्युटीवर..."

"खा म्हटलं ना!"

खाल्लं. एक डोळा बंद झाला आपोआप. "आंबट आहे!"

"मग? गांजा कधी आंबट असतो का? अंबाडी आहे ही. आई भाजी करत नाही का घरी?"

"आमच्याकडे मेसचा डबा येतो आजी," म्हणाला बिचारा. जाताना दुसरं पान स्वतःच मागून घेतलं.

खंडेरावांना हाक मारून सांगितलं, "पीक आलं की तुम्हाला पहिला वाटा!" खंडेराव : "मी कुठे काय म्हणालो?"

५ एप्रिल

ही सगळी कथा मालेगावला लिहून पाठवली. हसण्याची चित्रं आली, रांगेने! मग लांबलचक मेसेज, आजवरचा सगळ्यात मोठा. त्यांचे वडील अंबाडीच्या देठांचा वाख काढून दोर वळायचे. अंगणात देठं भिजत घातलेली असायची, त्याचा वास सगळ्या गल्लीत. "लोग पत्ता खाते हैं, फेंक देते हैं डंडी. असली चीज़ डंडी में है. पानी में सड़ाओ तब निकलती है." पुढे लिहिलंय, रुखसार लहान असताना त्या दोराच्या झोक्यावर बसल्याशिवाय जेवायची नाही.

इथे माणूस विसरलाच की तो अमिनाबाई आहे. मीही आठवण करून दिली नाही.

१० एप्रिल

मेसेज : "अब ठीक है. काटो. खिलाओ. अल्लाह हाफ़िज़."

बस्स. संपलं! गुडघ्याच्या वर आलीत सातही, तजेलदार. आता काय विचारायचं? मी लिहिलं, काही काळजी? "नहीं." कीड वगैरे? "नहीं दिख रही."

एवढे दिवस रोपं जगावीत म्हणून जीव टाकला. जगली, तर बोलणंच बंद!

सुला म्हणते कापू या, भाजी करू या. म्हटलं, अजून भरू दे थोडी. रुखसार म्हणाली, "पप्पा, खरं सांगू? आता मला आंबट नकोसं झालंय. बर्फाचा गोळा खावासा वाटतो." पण रोज संध्याकाळी गच्चीवर येते आणि त्या कुंड्यांपाशी बसते. अम्मीचं बी म्हणून.

१२ एप्रिल

डोक्यात एक युक्ती आलीय. दोन कुंड्यांखाली ताटल्या ठेवल्या आणि सकाळ-संध्याकाळ भरून पाणी. दोनच. पाच सुरक्षित. गिऱ्हाईक परत यावं म्हणून गाडीचा एखादा स्क्रू ढिला ठेवणारे मेकॅनिक मी बघितलेत. मी कधी ठेवला नाही. पण हे काही धंद्यासाठी नाही.

सुलाला सांगितलं नाही.

१५ एप्रिल, मंगळवार

काल भीमजयंती. चौकात पहाटेपासून गर्दी, रुखसारने सुलाबरोबर पांढरी साडी नेसून वंदना घेतली, मग दोघींनी खीर वाटली. पाय दुखले तिचे, पण खूष होती.

युक्ती चालली! दोन्ही रोपांची खालची पानं पिवळी. फोटो पाठवला, लगेच उत्तर. मग प्रश्न, मग उत्तर, मग आणखी प्रश्न. आज चार-पाच वेळा बोलणं झालं. त्यात 'लड़की' दोनदा! डॉक्टर कोण, दवाखाना किती लांब, गाडी आहे ना घरची?

जयराम, तू हुशार आहेस.

१९ एप्रिल

तिसऱ्या कुंडीतलं रोप सकाळी मान टाकून होतं. मी तिला जास्त पाणी घातलेलं नाही! देठ बुडाशी काळं. चौथ्याचंही बूड मऊ लागतंय.

एकच झारी. एकच खुरपं. आजारी माती ढवळायची, तेच खुरपं पुढच्या कुंडीत. शिवू नका असं सांगितलं होतं मला, मार्चमध्येच.

२३ एप्रिल, बुधवार

राख टाकली. पाणी तोडलं. माती बदलली. जे जे त्यांनी सांगितलं होतं ते सगळं केलं. सातही गेली.

सुला वर आली. ताटल्या बघितल्या. मग माझ्याकडे बघितलं. तिला सांगावं लागलं नाही. "हुशारी नडली तुमची," एवढंच म्हणाली. रुखसार दारात उभी होती. वाळकी देठं गोळा करायला लागली, पोट सांभाळत. "जाऊ द्या पप्पा. उन्हाळा आहे, होतं." माझंच सांत्वन! एक पानसुद्धा तिच्या ताटात गेलं नाही. का, तर मला बोलणं लांबवायचं होतं.

मालेगावहून मेसेज : "आज फोटो नहीं?" मी उत्तर दिलं नाही.

२५ एप्रिल

दोन दिवस विचार केला. खोटं आणखी ताणता येईल. उंदीर, माकड, गच्चीची गळती. मला शंभर कारणं येतात, दुकानात बसणारा माणूस मी. पण त्या माणसाने मला रोपांबद्दल एकदाही खोटं सांगितलं नाही. नाव सोडून.

हे पाठवलं :

"सलाउद्दीनभाई, जय भीम, सलाम. तुम्हीच लिहिता हे मला त्या फोनपासून माहीत आहे. रोपं सगळी मेली. मी दोन मुद्दाम पाण्यात बुडवली, तुमच्याशी बोलणं बंद पडू नये म्हणून. त्यातून बाकीची गेली. चूक माझी, सूनबाईला यातलं काही माहीत नाही. तिला आठवा महिना लागतोय. तिला भाजी नको आहे."

पाठवल्यावर सुलाला दाखवलं. ती म्हणाली, "आता एकतर येतील, नाहीतर विहीणबाईंचाही फोन बंद करतील."

२६ एप्रिल

दोन निळ्या खुणा. उत्तर नाही.

२९ एप्रिल

नाही. विहीणबाईंचा रविवारचा फोनही आला नाही. रुखसारने दोनदा लावला, बंद येतोय. "अम्मीचा फोन बिघडला असेल ना, पप्पा?" मी हो म्हणालो. आज एका गाडीचा आवाज ऐकून मी डायनामो म्हणालो, निघाला पट्टा. असं कधी होत नाही माझं.

२ मे, शुक्रवार

शुक्रवारी मालेगावचे माग बंद असतात हे मी विसरलोच होतो.

दुकानाच्या किल्ल्या शोधत होतो, तर दारात व्याही. खांद्यावर गोणी, कुर्ता घामाने चिकटलेला. ना सलाम ना नमस्कार. "ऊपर कहाँ से जाना है?"

गोणीत त्यांच्या परसातली माती. उकिडवे बसून एकेक कुंडी पालथी केली, तळाच्या भोकात बोट घालून बघितलं. मी काहीतरी बोलायला गेलो. "रहने दो जयरामभाई. पहली फोटो में ही दिख गया था. नीचे थाली में पानी खड़ा था." खाकरले. दोनदा छोटं, मग लांब. "फिर भी मैं लिखता रहा ना?"

जिन्यावर पावलं वाजली. एक पायरी, थांबणं, पुढची पायरी. त्यांनी मान वर केली नाही. हात मातीतच ठेवून म्हणाले,

"चप्पल पहन के आ, बेटा. फ़र्श तप रहा है."